आमच्या वेळचा टीव्ही, यांच्या वेळचा मोबाईल

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुटी लागली की तुमच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, सुती साडीचा रंग कसा टिकवावा असं विचारणाऱ्या तुम्ही सगळ्या मे महिन्यात एकाच प्रश्नावर येता : मुलांचं काय करू? आपल्या परभणीकडे तर सकाळी दहानंतर मुलांना अंगणात सोडायची सोय नाही. पारा चाळिशीच्या वर, रस्ते ओस, पत्रे तापलेले. कूलरमध्ये पाणी ओतून ओतून आपला हात दुखतो, आणि मुलं त्याच कूलरपुढे मोबाईल घेऊन लोळलेली!

या वेळी सेलूच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते : “ताई, माझी मुलगी चौथीत आहे. दिवसभर मोबाईल. परवा मी तिला त्याच मोबाईलवर ‘मालगुडी डेज’ लावून दिलं. मनात म्हटलं, आपण लहानपणी जे पाहिलं ते हिलाही दाखवू. दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, ‘आई, ह्याच्यात काहीच होत नाही गं!’ उठून गेली. पोळ्या लाटता लाटता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर सासूबाई म्हणाल्या, तुम्ही तरी काय कमी टीव्ही बघत होता! आणि आमचे हे म्हणतात, पोरीला मोबाईलचा नाद लागला तो तुझं लक्ष नसतं म्हणून. आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची?”

चूक कुणाची ते नंतर पाहू. आधी आपण लहानपणी काय पाहिलं आणि ते कसं पाहिलं, हे एकदा नीट आठवू या. या आठवणीतच तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

दिल्लीहून आलेलं बालपण

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मुंबईच्या मुलांना ‘किलबिल’सारखा मराठी कार्यक्रम तेव्हापासूनच्या काळात पाहायला मिळाला. आपल्याकडे मात्र रेडिओवरच भागत होतं. परभणी आकाशवाणी लागली की घरात सकाळ झाली, असा तो काळ. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, असं आपण अभिमानाने म्हणतो खरं, पण टीव्हीच्या लहरींना ते कुणी सांगितलेलं नव्हतं!

मग १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ साली देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. ही केंद्रं उपग्रहावरून आलेला कार्यक्रम घेऊन आसपासच्या गावांना देत. सुरुवातीला त्यांवर दिसे ते मुख्यतः दिल्लीचं. त्यामुळे मराठवाड्यातल्या पुष्कळ मुलांचं टीव्हीचं बालपण हिंदीत गेलं. घरात मराठी, गल्लीत दखनीचा शिडकावा आणि टीव्हीवर शुद्ध हिंदी. वेताळाची गोष्ट आजीकडून मराठीत ऐकलेली आणि रविवारी तीच हिंदीत पाहायची, याचं कुणाला काही वाटत नसे. दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ साली आली आणि २००० साली तिचं नाव ‘सह्याद्री’ झालं, तोवर आपल्यातल्या बऱ्याच जणी मोठ्या झालेल्या होत्या.

काय काय होतं बरं त्या वेळी? १९८५ साली रामानंद सागरांचं ‘विक्रम और बेताल’, त्यात राजा विक्रम झालेले अरुण गोविल. पुढच्या वर्षी अशोककुमारांचं ‘दादा दादी की कहानियाँ’. त्याच सुमारास ‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि स्वामी झालेला छोटा मंजुनाथ. शंकर नाग हे कन्नड असले तरी उमेदीच्या काळात मुंबईच्या मराठी रंगभूमीत रमलेले होते. मालगुडी म्हणून आपण जे गाव पाहिलं ते कर्नाटकातलं आगुंबे. तिथला तो पाऊस पाहून आपल्याकडच्या मुलांना किती नवल वाटे! पुढे गुलजारांचं ‘पोटली बाबा की’ आलं. मग १९९३ साली रविवारी सकाळी मोगली आला, म्हणजे ‘जंगल बुक’. मालिका जपान्यांनी केलेली, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्यानंतर सप्टेंबर १९९७ पासून ‘शक्तिमान’. ज्या घरी मुंबईचे कार्यक्रम दिसत, तिथे राजदत्तांनी दिग्दर्शित केलेला ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही पाहिला गेला.

आठवतं ते काय?

आता खरं सांगा, यातल्या कुठल्याही मालिकेच्या एखाद्या भागाची अख्खी गोष्ट तुम्हाला सांगता येईल? फार जणींना नाही येणार. पण त्या वेळची दहा मिनिटं विचारा, लगेच सांगता येतील. भाऊ पत्र्यावर चढलेला. खालून कुणीतरी ओरडतंय, “आलं का?” घरातून उत्तर, “मुंग्याच दिसायल्यात! अजून थोडं फिरव!” अँटेना फिरे, चित्र येई, भाऊ खाली उतरला की पुन्हा जाई. ऐन रंगात लाइट जाई, नाहीतर व्यत्ययाबद्दल खेद व्यक्त करणारी पाटी येई आणि सगळे त्या पाटीकडेच टक लावून बसत. टीव्ही लाकडी कपाटात, त्याला सरकती दारं. काही घरी काळ्यापांढऱ्या पडद्यावर रंगीत कागद लावलेला, म्हणजे वर आकाश निळं आणि खाली गवत हिरवं. मध्ये माणूस आला की तो पिवळा!

आणि सगळ्यांत मोठी आठवण, टीव्ही आपल्या घरी नसण्याची. गल्लीत एक-दोन घरी टीव्ही. चपला बाहेर काढून ओळीने बसायचं. त्या घरच्या काकूंनी हाक मारली तर मानाने आत, नाहीतर दारात उभं राहून. ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं तेव्हा तर रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत आणि टीव्हीला हार घातले जात. पण ज्यांना दारातून परत जावं लागलं, त्यांना तीही आठवण आहे. “आज पाहुणे आलेत, नंतर ये,” हे वाक्य चाळीस वर्षांनीही विसरत नाही, असं दोन-तीन मैत्रिणींनी आम्हाला पूर्वी कळवलं होतं.

म्हणजे आपण ज्याच्यासाठी हळवे होतो त्यात मालिका थोडी आणि वाट पाहणं, शेजारीपाजारी, गर्दीत अंग चोरून बसणं हेच जास्त. हे सगळं मोबाईलवर कसं सापडावं? सेलूच्या मैत्रिणीने मुलीच्या हातात मालगुडी दिलं, पण मुलगी एकटी आणि हातात एवढासा पडदा. आठवडाभर तिने त्याची वाट पाहिलेली नव्हती, आणि शेजारी बसून हसणारं कुणी नव्हतं. आई तर पोळ्या लाटत होती. मग तिला त्यात काही होताना दिसलं नाही, यात तिचा काय दोष?

टीव्ही कुणी पाहिला, कुणी ऐकला

एक गोष्ट आणखी आहे, ती आपण आपापसातच बोलू. रविवारी सकाळी भाऊ टीव्हीपुढे सर्वांत आधी जाऊन बसे. मुलींचं काय? नळाला पाणी आलेलं, ते भरायचं. केस धुवायचे. धुणं वाळत घालायचं. धाकट्याला सांभाळायचं. हे आटोपून जायचं तोवर मोगली अर्ध्यावर. आणि आपली आई? तिला आठवा. ती स्वयंपाकघरात. टीव्ही समोरच्या खोलीत. तिने पुष्कळशा मालिका पाहिल्या नाहीत, ऐकल्या. कणीक मळता मळता मध्येच विचारी, “आता काय झालं गं?” आपण म्हणायचो, “थांब ना आई, मग सांगते.” किती वेळा ते मग आलं?

म्हणून आमच्या वेळी सगळं कसं छान होतं, असं मुलांना सांगताना जरा हात आखडता घ्यावा. तेव्हाही आईबापांना काळजी होतीच. टीव्हीने पोरं बिघडतील, डोळे जातील, अभ्यास बुडेल, हे आपल्या वडिलांनी कितीदा म्हटलं असेल! शक्तिमानची नक्कल करण्याच्या नादात मुलं भलतं धाडस करतात अशी ओरड झाली, तेव्हा मुकेश खन्नांना पडद्यावरूनच मुलांना समजवावं लागलं. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, बरं का!

मुलांसाठी खपलेली माणसं

मग त्या काळातलं चांगलं ते काय होतं? एक होतं. मुलांना काय दाखवावं याचा विचार काही माणसांनी मन लावून केला होता. ती चिमण्या आणि पारधी यांच्या एकीची सात मिनिटांची चित्रफीत आठवते ना? ‘एक अनेक और एकता’ हे तिचं नाव. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेली. ती केली विजया मुळे यांनी, आणि चित्रं हलती केली भीमसेन यांनी. विजयाबाई मूळच्या मुंबईच्या, जन्म १९२१ सालचा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथे शिकल्या, पुढे शिक्षण खात्यात मोठी कामं केली. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. २०१९ साली विजयाबाई गेल्या, पण ती चित्रफीत पाहून मोठी झालेली माणसं आज पन्नाशीला आली आहेत.

आपल्या मराठीत पुण्याची ‘बालचित्रवाणी’ होती. जानेवारी १९८४ मध्ये सुरू झालेली ही संस्था शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करी आणि ते दूरदर्शनवर शाळेच्या वेळेत दिसत. पाठ्यपुस्तकातला विज्ञानाचा धडा डोळ्यांनी पाहता येई. शहरातल्या मुलांना शिकवण्या होत्या, प्रयोगशाळा होत्या; खेड्यातल्या मुलाला हेच. पुढे पैशाचा ओघ आटला आणि २०१७ साली संस्था बंद पडली. त्यानंतर तीनच वर्षांनी करोना आला, शाळांना कुलपं लागली आणि ज्यांच्या घरी चांगला मोबाईल नाही त्या मुलांसाठी पुन्हा टीव्हीचीच आठवण झाली. जुलै २०२० पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखवली गेली. त्याच वर्षी टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘शक्तिमान’, ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं, ते तुम्ही मुलांसोबत पाहिलंही असेल. घरातले सगळे एका खोलीत एका वेळी टीव्हीपुढे बसलेले, हे दृश्य कित्येक घरांत फार वर्षांनी दिसलं.

मग चूक कुणाची?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. आपण लहानपणी टीव्ही कमी पाहिला याचं श्रेय आपल्याला नाही, आपल्या आईलाही नाही. मुलांचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा. तो अर्ध्या तासात संपे. नंतर लागे ती मोठ्यांना आवडेल अशी चर्चा, नाहीतर शेतीचा कार्यक्रम. मुलं आपोआप उठत. आईला ओरडावंच लागत नसे. कार्यक्रम संपवायचं काम परस्पर दिल्लीहून होत होतं!

मोबाईलवरचं चित्र संपतच नाही. एक झालं की दुसरं आपोआप सुरू. ते बनवणाऱ्यांना ते संपायला नकोच आहे. म्हणजे पूर्वी जे काम दूरदर्शन करी, ते थांबवण्याचं काम आज आईच्या एकटीच्या अंगावर पडलं आहे. स्वयंपाक, नोकरी, सासूबाईंचं औषध, आणि वर ही राखण. मुलीला नाद लागला तर दोष आईचा, आईने मोबाईल हिसकावला तर आई रागीट! सेलूच्या मैत्रिणीच्या यजमानांना आम्ही एवढंच विचारू : संध्याकाळी घरी आल्यावर आपल्या हातात काय असतं? मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, पाहिलेलं करतात. ही राखण दोघांनी वाटून घ्यायची आहे. चूक शोधण्यापेक्षा वाटणी करा, म्हणजे भांडण निम्मं मिटेल.

आणि मैत्रिणी, मुलीने तुझं बालपण नाकारलं असं मनाला लावून घेऊ नकोस. अर्ध्या मिनिटाच्या चित्रांची सवय झालेल्या डोळ्यांना स्वामीची गोष्ट संथ वाटणारच. स्वामीला परीक्षेची भीती आहे, वडिलांचा धाक आहे, आणि त्याचा जिवलग मित्र राजम गाव सोडून जातो. चौथीतल्या मुलीला यातलं काय कळणार नाही? सगळं कळेल. फक्त शेजारी कुणीतरी हवं.

एवढं करून पाहा

१. वेळ मिनिटांत ठरवू नका, भागांत ठरवा. “अर्धा तास” म्हटलं की घासाघीस होते. “एक भाग” म्हटलं की शेवट सगळ्यांना दिसतो. पुढचं आपोआप सुरू होण्याची सोय मोबाईलमध्ये आधीच बंद करून ठेवा.

२. आठवड्यातला एकच वार धरा. रविवार सकाळ उत्तम. मधल्या दिवशी मागितलं तरी तो कार्यक्रम लावू नका. वाट पाहिल्याशिवाय गोडी येत नाही.

३. आधी गोष्ट, मग चित्र. दुपारी झोपताना वेताळाची गोष्ट सांगा आणि प्रश्न विचारून थांबा. “आता राजाने काय उत्तर द्यावं?” मुलांना भांडू द्या. उत्तर रविवारी पडद्यावर पाहायचं.

४. शक्य तर मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून पाहा. शेजारची दोन मुलं बोलवा. कुणालाही दारातून परत पाठवू नका, हे आपल्याला वेगळं सांगायला नकोच.

५. त्या अर्ध्या तासात मोठ्यांचे मोबाईल एका टोपलीत. यजमानांचाही. टोपली सासूबाईंच्या ताब्यात द्या. ते काम त्या चोख करतील!

६. जेवणाच्या ताटापुढे पडदा नको. पोट किती भरलं ते मुलांना कळत नाही. कार्यक्रम संपल्यावर ज्वारीच्या लाह्या नाहीतर चुरमुऱ्याचा चिवडा द्या, उन्हाळ्यात सोबत कैरीचं पन्हं. खाणं मागे ठेवलं की मुलं उठतात, हा फायदा वेगळाच.

७. घरात तान्हं असेल तर त्याला रडं थांबवायला मोबाईल दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. जितका कमी तितका बरा.

८. एक रविवार तुमच्या आवडीचा, तर पुढचा मुलांच्या आवडीचा. त्यांचं कार्टून तुम्हीही शेवटपर्यंत पाहा आणि एकतरी प्रश्न विचारा. आपलं पाहिलेलं त्यांनी पाहावं असं वाटत असेल, तर त्यांचंही आपल्याला पाहावं लागेल.

९. आणि शेवटचं, पण विसरू नका : त्या वेळी तुम्ही स्वतः बसा. पोळ्या आधी करून ठेवा, नाहीतर त्या दिवशी खिचडी टाका. स्वयंपाकघरातून ऐकायचं नाही. तुमची आई किंवा सासूबाई घरी असतील तर त्यांना मधली जागा द्या आणि त्यांनी “काय झालं गं?” विचारलं की लगेच सांगा. मुलांनाच सांगू द्या.

पहिल्या रविवारी मुलं कुरकुरतील, दुसऱ्या रविवारीही कुरकुरतील. महिनाभर नेटाने चालवा आणि काय झालं ते आम्हाला कळवा. ज्या गावात, ज्या घरी तुम्ही पहिल्यांदा टीव्ही पाहिलात ती आठवणही लिहा. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, मानवत, पूर्णा, कुठूनही लिहा. आईने काय ऐकलं तेही लिहा.

जाता जाता : सध्याच्या टीव्हीचा पडदा जुन्या काचेसारखा नसतो. तो ओल्या फडक्याने किंवा साबणाने पुसू नका. टीव्ही बंद करून, पडदा गार झाल्यावर मऊ, कोरड्या सुती फडक्याने हलक्या हाताने पुसा. जुनं धुतलेलं धोतर यासाठी उत्तम. आणि वळवाचं आभाळ भरून आलं, विजा चमकू लागल्या, की टीव्हीची पिन भिंतीतून काढून ठेवा.